चार नंबरचा कोट

संध्याकाळी साडेसहाला मी दाराशी उभा राहतो.
हातात टेबलांची यादी, पाठीमागे कपाट.
कपाटात सात काळे कोट,
उंचीनुसार नव्हे, पोटानुसार लावलेले.

साउदॅम्प्टन सुटून दोन दिवस झाले
की पहिली औपचारिक रात्र येते.
दुपारपासूनच बोटीला इस्त्रीचा वास सुटतो.
सकाळी तलावाकाठी उघडेबंब पडलेले पुरुष
गळ्याशी बो बांधून येतात, ओळखू येत नाहीत.
मीही ओळख दाखवत नाही.
तोही नियमच.

बाकीचे नियम छापलेले आहेत.
कोट हवा. जीन्स नको.
पायाची बोटं बायकांची दिसली तर चालतील,
पुरुषांची नाही.
राष्ट्रीय पोशाख चालेल.
(हे शेवटचं मी एका स्कॉटिश डॉक्टरच्या
उघड्या गुडघ्यांकडे बघत पाठ केलं.)

मिस्टर टनिक्लिफ आले ते स्वेटर घालून.
मोहरीच्या रंगाचं, हातचं विणलेलं,
गळ्यापर्यंत सगळ्या गुंड्या लावलेलं.
शेजारी डोरीनबाई, हिरव्या टिकल्यांचा झगा,
पाठीवर दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती.
"मी म्हटलं होतं, विल्फ," त्या हळूच म्हणाल्या.
"लोकरीला काय झालं?" ते म्हणाले, मोठ्याने.
स्टोकच्या भट्टीतून जन्मभर कपबश्या काढलेला माणूस,
कान जरा बसलेले.
मागे रांग.
रांगेत एकाने घड्याळ पाहिलं.

माणूस पाहिला की मला माप कळतं.
चार नंबर. बाही दोन बोटं लांब पडेल, पडू दे.
मी कोट असा धरला
की जणू तो त्यांचाच, मी फक्त सांभाळत होतो.
कोट चढवताना चिठ्ठी काढून मुठीत घेतली.
डोरीनबाईंना कळलं. त्या काही बोलल्या नाहीत.

या कोटांच्या खिशांत मला काय काय सापडतं.
दात कोरायच्या काड्या, श्रवणयंत्राचा सेल,
साखरेच्या पुड्या, एकदा अख्खा पाव.
सगळं नोंदवून जमा करायचं असतं.
मी करतो.
फक्त चार नंबरच्या आतल्या खिशातला कागद
चार वर्षं झाली, तिथेच आहे.
कोणाच्या तरी भाषणाची सुरुवात, निळ्या शाईत:
"मार्गारेट, पन्नास वर्षांपूर्वी तू मला नाही म्हणालीस, आणि"
पुढे काही नाही.
घडीवर मटणाच्या रश्श्याचा डाग आहे,
'मार्गारेट'नंतरचा स्वल्पविराम कोणीतरी काळ्या पेनाने गडद केलाय.

दारातून टेबल एकतीस तिरकं दिसतं.
सूप आलं तेव्हा टनिक्लिफ चष्मा शोधत होते.
हात आतल्या खिशात गेला, थांबला.
मग टेबलाखाली धरून त्यांनी बराच वेळ काहीतरी वाचलं.
एका ओळीला इतका वेळ लागत नाही.
डोरीनबाई सुपात फुंकर घालत होत्या,
नियमात बसत नसेल, पण मिठाला लागलेला हात पुसत होत्या टेबलक्लॉथलाच.
ते बघत राहिले.
मग मी यादीत पाहिलं, कारण आणखी माणसं आली होती.

अकराला कोट परत आला, बाहीला थोडं लोणी.
त्यांनी माझा हात हलवला, भट्टीवाल्या माणसाचा हात, अजून खरखरीत.
कागदावर 'पन्नास' पेन्सिलीने खोडलेलं,
वर 'सेहेचाळीस'.
'आणि'च्या पुढे अजूनही काही नाही.

खाली, पाण्याच्या पातळीखालच्या खोलीत,
लाँड्रीतला पुर्नोमो घोरत असतो.
माझ्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत माझा बारोंग आहे,
अननसाच्या पानांच्या धाग्याचा, आरपार दिसणारा,
इलोइलोहून निघताना मिलाग्रोसने घडी घालून दिलेला.
सहा करार झाले, घडी तीच.
राष्ट्रीय पोशाख चालेल.
पाहुण्यांना, असं मागच्या पानावर आहे.

बारोंगला खिसे नसतात.
तेव्हा तिला काय म्हणायचं
ते मला पाठच करावं लागेल.